तालमीचा रस्ता

आमच्या उर्दू शाळेची आठवीची सहल कोल्हापूरला गेली होती. अंबाबाईचे देऊळ बाहेरून पाहून, भवानी मंडपात थोडे बसून आम्ही पुढे निघालो, तेव्हा एका फलकापुढे मुली थबकल्या. फलकावर मराठीत ‘मोतीबाग तालीम’ असे लिहिले होते. आमच्या मुलींना देवनागरी चांगले वाचता येते. त्यांच्यातील एकीने वाचले आणि मला विचारले, ‘टीचर, यहाँ कौनसा मज़मून पढ़ाते?’

मला हसू आले, पण मुलीचे काही चुकले नव्हते. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. आमच्या शाळेच्या भिंतीवर इल्म आणि तालीमचे महत्त्व सांगणारी वाक्ये रंगवलेली आहेत. तिच्या दृष्टीने तालीम लिहिलेली इमारत म्हणजे शाळाच. तिथे पुस्तक नसते, लाल माती असते आणि जोर-बैठका काढल्या जातात, हे तिला ठाऊक नव्हते. आणि ती कोल्हापूर जिल्ह्यातच जन्मलेली मुलगी होती!

परतीच्या वाटेवर बसमध्ये मी विचार करीत राहिले. या मुलीला तिच्याच जिल्ह्याची एवढी मोठी ओळख कोणी करून दिली नाही, हा दोष कोणाचा? पहिला दोष माझाच, कारण मी तिला इतिहास शिकवते. दुसरा दोष त्या रस्त्याचा. तो रस्ता अनेक मल्लांनी तुडवला आहे, पण रस्ता स्वतः काहीच सांगत नाही. या लेखात मी जी मागणी मांडणार आहे, तिचे मूळ त्या मुलीच्या प्रश्नात आहे.

कोल्हापुरात येणारा प्रवासी देवीचे दर्शन घेतो, रंकाळ्यावर भेळ खातो, चप्पल आणि गूळ घेतो, जोतिबा-पन्हाळा करून परत जातो. देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर खासबाग मैदान आहे, पण तिकडे त्याचे पाऊल क्वचितच वळते. पर्यटकांना दाखवायला शहराकडे जे आहे, त्यात कुस्ती आहेच. फक्त तिला जोडणारी एक वाट नाही. दसरा चौकातून निघावे, बिंदू चौकातून भवानी मंडपात यावे, मोतीबाग तालमीकडे वळावे आणि खासबाग मैदानापाशी थांबावे. एक फाटा गंगावेशीकडे जावा, जिथे तालीम आहे आणि जिथल्या दूध कट्ट्यावर डोळ्यांदेखत म्हशीचे दूध काढून पेल्यात मिळते. हे सगळे पायी फिरण्यासारखे आहे. हा रस्ता कुस्तीचा वारसा-मार्ग म्हणून शासनाने आणि महापालिकेने जाहीर करावा, अशी माझी मागणी आहे. पण मागणी करण्याआधी या रस्त्यावर काय काय घडले ते पाहिले पाहिजे, कारण इतिहास माहीत नसताना केलेली मागणी म्हणजे नुसती पाटी रंगवण्याचे काम होईल.

दसरा चौकापासूनच का सुरुवात करायची? कारण तिथे मुस्लिम बोर्डिंग आहे. राजर्षी शाहू महाराज १८९४ साली गादीवर बसले. बहुजन समाजातील मुलांनी शहरात येऊन शिकावे म्हणून त्यांनी जातीजमातींची वसतिगृहे उभी केली किंवा उभी राहण्यास मदत केली. मुसलमान समाजातून पुढाकार घेणारे लवकर मिळेनात, तेव्हा १९०६ साली महाराजांनी स्वतः मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करविली आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. एका हिंदू राजाने मुसलमानांच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष होणे ही गोष्ट त्या काळात साधी नव्हती. आजही नाही.

याच सुमारास, म्हणजे १९०७ साली, खासबाग मैदानाचे काम सुरू झाले. त्यापूर्वी १९०२ साली महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपात गेले होते. रोममध्ये त्यांनी कलोसियम पाहिले आणि असे आखाड्याचे मैदान आपल्या गावी असावे, असे त्यांच्या मनाने घेतले. १९१२ साली मैदान तयार झाले. मधोमध कुस्तीचा हौद आणि त्याच्याभोवती चढत जाणारी गोलाकार बैठक, अशी त्याची रचना आहे. शेवटच्या रांगेतील माणसालाही हौदातील पकड दिसावी, हा तिच्यामागचा विचार. तीस हजारांहून अधिक माणसे बसतील, एवढे ते मोठे आहे. राजासाठी वेगळी जागा होती खरी, परंतु खेड्यातून बैलगाडीने आलेल्या शेतकऱ्याला आणि दरबारी मानकऱ्याला दिसणारी कुस्ती एकच होती.

मी हे वर्गात शिकवते, तेव्हा फळ्यावर दोन सनावळ्या शेजारी शेजारी लिहिते. १९०६ मुस्लिम बोर्डिंग, १९०७ खासबाग. एक उर्दूतली तालीम, एक मराठीतली तालीम. एकाच राजाने दोन्ही उभ्या केल्या आणि लागोपाठच्या दोन वर्षांत. राजर्षींनी या शब्दाचा असा विचार केला होता, असे मी म्हणत नाही. पण मन आणि शरीर दोन्ही घडल्याशिवाय रयत उभी राहत नाही, एवढे त्यांना नक्की समजले होते.

मैदान खुले झाले तेव्हाची पहिली मोठी कुस्ती कोणाची झाली? इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. इमामबक्ष हा जगप्रसिद्ध गामा पैलवानाचा धाकटा भाऊ. १९१० साली दोघे भाऊ लंडनला गेले होते. तिथे गामाची झिबिस्कोशी गाजलेली कुस्ती झाली आणि इमामबक्षने जॉन लेम या स्वित्झर्लंडच्या मल्लाला हरवले. तोच इमामबक्ष दोन वर्षांनी कोल्हापूरच्या नव्या मातीत उतरला आणि जिंकला. खासबागेतील पहिली मोठी सलामी दोन मुसलमान मल्लांनी दिली, ही गोष्ट कुस्तीच्या जुन्या जाणकारांना पाठ आहे. पण नव्या पिढीला, हिंदू असो वा मुसलमान, ती कोणी सांगायची? मैदानाबाहेरच्या रस्त्याने ती सांगितली पाहिजे.

महाराजांनी पंजाबातले मल्ल बोलावले, त्यांना आश्रय दिला, खुराक दिला. त्यांच्याबरोबर त्यांचे डाव आले. आपल्या मातीत धोबीपछाड, मोळी, घिस्सा, ढाक यांच्याबरोबर ‘मुलतानी’ नावाचाही एक डाव आहे. मुलतान कुठे आणि कोल्हापूर कुठे! पण डावाला व्हिसा लागत नाही. भाषेचेही तसेच आहे. पैलवान, कुस्ती, जोर, खुराक हे शब्द फारसीतून आले. तालीम, इनाम आणि सलामीतला सलाम अरबीतून आले. मराठीतला वस्ताद म्हणजे उर्दूतला उस्ताद, आणि हौद म्हणजे हौज. त्यांच्याच शेजारी लंगोट, आखाडा, गदा हे देशी शब्द बसले आहेत. कुस्तीचे समालोचन करणारा मराठी माणूस बोलू लागतो, तेव्हा हे सारे शब्द एकाच वाक्यात येतात आणि कोणता कुठला हे त्याच्या मनातही येत नाही. भाषा मिसळली आहे हे सिद्ध करण्यासाठी मला कोणत्याही ग्रंथाची गरज पडत नाही. एक कुस्ती मैदान पुरे.

फाळणीनंतरही हा ओघ एकदम आटला नाही. सादिक पंजाबीसारखे पाकिस्तानचे मल्ल कोल्हापुरात राहिले, इथल्या मातीत सराव केला आणि इथल्याच मल्लांशी लढले. दोन देशांचे संबंध कसेही असोत, मैदानातले लोक चांगल्या पकडीला दाद देत. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंद केसरी झाले आणि १९६० साली गणपतराव आंदळकर. आंदळकरांनी १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्ण मिळवले आणि पुढे कित्येक वर्षे मोतीबागेत वस्ताद म्हणून पिढ्या घडवल्या.

या वस्तादांच्या हाताखाली कोण शिकले, हेही पाहण्यासारखे आहे. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील खडकी या गावचा बाला रफिक शेख कोल्हापूरला आला आणि आंदळकरांचा पठ्ठा झाला. २०१८ च्या सप्टेंबरात आंदळकर गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जालन्याला बाला रफिकने महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. वस्ताद ती पाहायला राहिले नव्हते. सोलापूरकडच्याच बोरामणी गावच्या शेख घराण्याने इस्माईल (१९८०), आप्पालाल (१९९२) आणि मुन्नालाल (२००२) असे तीन महाराष्ट्र केसरी दिले. २०२३ साली ही गदा मोहोळच्या सिकंदर शेखकडे गेली, तोही कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडलेला. ही नावे मी मुसलमान म्हणून अभिमानाने सांगते, हे मान्य करते. परंतु या प्रत्येक नावामागे एखादा मराठा, जैन, धनगर किंवा लिंगायत वस्ताद, जोडीदार किंवा खुराकाला मदत करणारा माणूस आहे. त्याचेही नाव घेतल्याशिवाय ही यादी पुरी होत नाही.

कोल्हापूरच्या तालमी नुसत्या व्यायामाच्या जागा कधीच नव्हत्या. पेठेचा तंटा तालमीत मिटे, लग्नाची पंगत तालमीची पोरे वाढत, पुरात तालमीची माणसे धावून जात. फुटबॉलच्या मैदानात उतरणारे पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा हे संघही तालमींचेच आहेत. मोहरमला अनेक तालमींत पंजे बसतात. बाबूजमाल तालमीचा नाल्या हैदर तर सर्वांना ठाऊक आहे. २०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षे मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा तिथे गणपती आणि पंजा शेजारी शेजारी बसले. चांद्र वर्षाच्या हिशेबाने हा योग साधारण बत्तीस-तेहतीस वर्षांनी येतो. म्हणजे आज चाळिशीत असलेल्या माणसाला तो फार तर आणखी एकदा पाहायला मिळेल. ज्या पिढीने पाहिले, तिने लिहून ठेवले नाही तर पुढची पिढी ही दंतकथा समजेल.

आता जरा घरातले सांगते. माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, पैलवान होते. मोठे नव्हते. खासबागेत त्यांची कुस्ती कधी लागली नाही. आसपासच्या गावांच्या उरुसात ते लढायचे. आमच्याकडे पिराच्या जत्रेला उरुस म्हणतात आणि कितीतरी गावांत देवाच्या जत्रेलाही उरुसच म्हणतात. आधी लहान पोरांच्या नारळाच्या कुस्त्या, मग चढत्या इनामाच्या, शेवटी मोठी जोड. दादा मधल्या इनामांपर्यंत पोचले होते. त्यांचे वस्ताद जैन होते. मांस-मच्छी न खाणाऱ्या त्या माणसाने दादांना बदाम, तूप आणि दुधावर घडवले. तालमीत मारुतीची तसबीर होती. बाकीचे पठ्ठे नमस्कार करीत, दादा मातीला हात लावून मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हणत आणि हौदात उतरत. वस्तादांनी त्यांना कधी टोकले नाही. दादांनाही त्यात काही सांगण्यासारखे आहे, असे कधी वाटले नाही. मी खोदून विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘उसमें पूछने का क्या है? पैले सलामी, फिर कुस्ती.’

दादांचा एक फोटो आमच्या ट्रंकेत आहे. लंगोटावर उभे, खांद्यावर कोणीतरी टाकलेला फेटा, मागे हलगीवाला. फोटोच्या पाठीवर काही लिहिलेले नाही. गाव कुठले, साल कुठले, हरलेला मल्ल कोण, हलगीवाला कोण, काहीच कळत नाही. दादा होते तेव्हा आम्ही विचारले नाही. आता विचारायला कोणी नाही. मी इतिहासाची शिक्षिका, मुलांना साधनांचे महत्त्व शिकवते आणि माझ्याच घरातील साधन असे मुके पडले आहे.

म्हणून मला नुसत्या नामकरणाची भीती वाटते. आपल्याकडे रस्त्यांना नावे देण्याची हौस फार. नाव दिले की कर्तव्य संपले. मुंबईच्या मोहम्मद अली रोडचेच पाहा. रमजानात तिथे खाण्यासाठी जाणाऱ्या तरुणांपैकी किती जणांना ठाऊक असते की हा रस्ता खिलाफत चळवळीचे नेते मौलाना मोहम्मद अली जौहर यांच्या नावाचा आहे? माझ्या वर्गात मी विचारले, तर दोघा मुलांनी आत्मविश्वासाने उत्तर दिले की तो बॉक्सर मोहम्मद अलीचा आहे! पाटी आहे, पण पाटी काही शिकवत नाही.

त्या बॉक्सरच्या गावची गोष्टही यानिमित्ताने सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतील लुईव्हिल या त्याच्या जन्मगावाने १९७८ साली आपल्या वॉलनट स्ट्रीटला मोहम्मद अलींचे नाव दिले. हा रस्ता एके काळी कृष्णवर्णीयांच्या दुकानांनी आणि करमणुकीच्या जागांनी गजबजलेला होता. पण नाव देण्याच्या आधीच, शहर-सुधारणेच्या नावाखाली, त्या वस्तीतल्या बहुतेक जुन्या इमारती पाडून झाल्या होत्या. नाव आले तेव्हा गाव गेले होते. पुढे २००५ साली तिथे त्यांच्या नावाचे मोठे केंद्र उभे राहिले आणि ते चालले. मात्र ज्या लहानशा घरात ते वाढले, त्या घराचे २०१६ साली केलेले संग्रहालय दोनएक वर्षांतच बंद पडले. एवढ्या मोठ्या नावाची ही गत, तर आपल्या गावच्या मल्लांच्या नावावर पर्यटक आपोआप धावत येतील, अशा भ्रमात कोणी राहू नये. नाव पुरत नाही. जागा जपावी लागते, ती सांगणारा माणूस लागतो आणि रोजचा खर्च कोण करणार, हे आधी ठरवावे लागते.

आपल्याकडे जागा जपण्याची स्थिती काय आहे? २०२४ सालचा ऑगस्ट महिना कोल्हापूरकर विसरणार नाहीत. १ ऑगस्टला राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळवलेल्या कांस्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले होते. खाशाबा कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, पण शिकले कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात. त्यांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर सात हजार रुपयांना गहाण ठेवले होते. एका शिक्षकाने विद्यार्थ्यासाठी घर गहाण ठेवावे, याहून मोठा वारसा कोणता? पण स्वप्नीलच्या पदकाचे पेढे वाटून होतात न होतात तोच, ८ ऑगस्टच्या रात्री, केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. नाट्यगृहाला लागूनच असलेल्या खासबाग मैदानाचे व्यासपीठही त्या आगीत सापडले. राजर्षींनीच १९१५ साली पुरे केलेले ते नाट्यगृह. मराठीत नाटकाच्या सरावालाही तालीमच म्हणतात. म्हणजे कुस्तीची तालीम आणि नाटकाची तालीम भिंतीला भिंत लावून शंभर वर्षांहून अधिक काळ उभी होती आणि एका रात्रीत दोघींना झळ लागली.

त्या रात्री माणसे रस्त्यावर उभी राहून रडली. सर्व जातिधर्मांची होती. त्यांचे रडणे खरे होते. पण आगीच्या आदल्या दिवशी आपण त्या वास्तूसाठी काय करीत होतो, हाही प्रश्न तितकाच खरा आहे.

आणखी एक गोष्ट न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. ७ जून २०२३ रोजी याच शहरात मोबाईलवरच्या स्टेटसवरून जमाव रस्त्यावर आला, दगडफेक झाली, दुकाने फुटली, इंटरनेट बंद करावे लागले. पुढच्या वर्षी, १४ जुलै २०२४ रोजी, विशाळगडाच्या पायथ्याच्या गजापुरात मुसलमानांच्या घरांवर आणि मशिदीवर हल्ला झाला. शाहूंचा जिल्हा म्हणून आपण जो अभिमान बाळगत होतो, त्याला तडा गेला. काही पालकांनी मला विचारले, ‘टीचर, सहल कोल्हापूरलाच न्यायची का?’ मी नेली. चुकीचे केले असे मला वाटत नाही.

कारण त्या सहलीतच मुलींच्या हट्टामुळे आम्ही जवळच्या एका तालमीत गेलो. मी दारात घुटमळत होते. बायकांनी तालमीत जायचे नाही, ही जुनी चाल मला माहीत होती. वस्ताद बाहेर आले. डोक्यावर टोप्या घातलेली मुले आणि ओढणी घेतलेल्या मुली पाहून म्हणाले, ‘मास्तरीणबाई, उन्हात का उभ्या? चपला काढा आन् आत या सगळी.’ मुली हौदाच्या कडेला उभ्या राहिल्या. माती का उकरायची, तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबू का घालायचे, हे त्यांनी नीट समजावून सांगितले. भिंतीवर फोटो होते. एका मुलीने खालची नावे मोठ्याने वाचायला सुरुवात केली. जुन्या फोटोंपैकी काहींखाली नावेच नव्हती. तिने विचारले, ‘ये कौन?’ वस्ताद म्हणाले, ‘ते आमच्या वस्तादांना ठावं हुतं.’ तेव्हा मला आमच्या ट्रंकेतला फोटो आठवला.

निघताना त्याच मुलीने विचारले की मुलींना इथे शिकवतात का? वस्ताद हसून म्हणाले, ‘आमच्याकडं न्हाई, पर आता पोरी लई पुढं गेल्यात.’ ते खरेच आहे. २०२३ साली सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली.

वारसा-मार्ग जाहीर करायचा तर तो कसा असावा, याविषयी माझ्या साध्या अपेक्षा आहेत. प्रत्येक थांब्यावर फलक असावा आणि त्यावर नुसते नाव नको. कोण, कोणाशी, कधी लढला, वस्ताद कोण, हे असावे. मराठीबरोबर तो हिंदी, इंग्रजी आणि उर्दूतही असावा. खासबागेच्या फलकावर इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन ही नावे ठळक असावीत आणि मुस्लिम बोर्डिंग या मार्गाचा पहिला थांबा असावा. माहिती सांगायला तालमीतीलच मुले नेमावीत. त्यांना त्याचे मानधन मिळावे. खुराकाचा खर्च आज साध्या शेतकऱ्याला परवडत नाही. गावाकडून आलेली कितीतरी मुले त्यामुळेच माती सोडून परत जातात. पर्यटनाचा पैसा हॉटेलात थांबला आणि हौदापर्यंत पोचला नाही, तर उद्या दाखवायला नुसत्या भिंती उरतील. सराव चालू असताना लोकांनी पाहावा, पण मल्लांना प्राणिसंग्रहालयातील प्राण्यासारखे वागवू नये. त्यासाठी वेळ आणि शिस्त ठरवून द्यावी. दरवर्षी २६ जूनला, शाहू जयंतीला, जिल्ह्यातील शाळांच्या मुलांनी हा रस्ता चालावा. सर्व माध्यमांच्या मुलांनी, एकत्र.

काही जण म्हणतील, वाहनतळाचा प्रश्न आहे, दुकानदार विरोध करतील, नावांवरून राजकारण होईल. होईलही. पण या शहरात एके काळी बैलगाड्यांनी माणसे येत आणि खासबाग भरे. माणसांची सोय करणे जमले, ते आज का जमू नये? आणि नावांचे राजकारण टाळण्याचा एकच उपाय आहे. कोणाचेही नाव वगळू नये आणि पुराव्याशिवाय कोणाचे घालू नये.

हा पुरावाच आपल्याला, म्हणजे या अंकाच्या वाचकांना, द्यायचा आहे. आमची नावे विसरली गेली अशी तक्रार आपण नेहमी करतो. ती खोटी नाही. पण आपण तरी ती कुठे लिहून ठेवली? कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, मिरज, इचलकरंजी इथल्या आपल्या घरांत किती ट्रंका असतील, ज्यांत अशा तसबिरी, इनामाचे फेटे, मैदानांची हँडबिले पडून आहेत! ती बाहेर काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा आणि फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहा. गाव, साल, जोडीदार, वस्ताद. जोडीदाराचे आणि वस्तादाचे नाव विसरू नका, कारण एकट्याने कुस्ती होत नाही.

सहलीनंतर मी मुलांना निबंध लिहायला दिला. विषय होता ‘कोल्हापूर की सैर’. तालमीविषयी विचारणाऱ्या त्या मुलीने शेवटी लिहिले होते की तिच्या आजीच्या भावालाही लोक पैलवान म्हणत, पण का म्हणत हे तिला माहीत नव्हते. सुट्टीत ती आजीला विचारणार आहे. मी निबंधाला गुण दिले आणि खाली लाल शाईने लिहिले, ‘पूछो, और नाम लिख लाओ.’